लेन्सला आंघोळ न्हाई

त्या लेन्सचा वास नुसता आठवला तरी मला अजून मळमळतं. डांबराच्या गोळ्या, जुनं ग्रीस आन् त्यात कसला तरी कुबट वास, पावसाळ्यात गोधडी वाळली न्हाई का येतो तसला. लेन्स आमच्या मामंजींची, म्हंजी सासऱ्यांची. त्यांचा शिक्रापुरात हायवेला लागून फोटू स्टुडिओ, पुढं दुकान आन् मागं एका खोलीत आम्ही राहायचो, मी, माझे मालक, आत्याबाई म्हंजी सासू, आन् माझी पोरगी, तवा बसायला लागलेली. मामंजी वारलं तवा त्यांचा रोलचा कॅमेरा आन् दोन लेन्सा पत्र्याच्या पेटीत घालून ठेवल्या व्हत्या. एक आखूड, ती घोळक्याच्या फोटूसाठी. एक लांब, ती एकट्या माणसाच्या तोंडासाठी. त्या पेटीला कुणी हात लावत नव्हतं आन् मला तेच बरं वाटायचं.

मग रोल बंद पडायला लागलं. गिऱ्हाईक दुकानात आलं का पहिलं विचारायचं, डिजिटल हाय का? न्हाई म्हणलं का पुढच्या दुकानात. मग ह्यांनी पुण्यातनं डिजिटल कॅमेरा आणला, पण नुसती बॉडी. पुढची काच, म्हंजी लेन्स, घ्यायला हात रिकामं. तर एक दिवस कुठनं तरी एक कडी घेऊन आलं, बांगडीयेवढी. अडॅप्टर म्हणत्यात तिला. ती मधी बसवली का जुनी लेन्स नव्या बॉडीला बसती.

"बघ," म्हणलं, "बापाचा डोळा आन् पोराचं डोसकं."

पेटी उघडली तर लांब लेन्सच्या टोपणात झुरळाची अंडी. मी तोंडाला पदर लावला. ह्यांनी अंगठ्यानं खरवडून काढली, काचंवर तोंडानं हाऽ करून वाफ सोडली, थोडी थुंकी बी लागली आसंल, आन् पुसायला हाताशी काय सापडलं तर पोरीचं दुपटं. मी म्हणलं, "आवं, तिच्या तोंडाला लागतं ते!" तर म्हणलं, "मऊ हाय म्हणून घेतलं, टॉवेलनं काच चरती." रिंग फिरवली तर काळं ग्रीस बोटाला. त्याच बोटानं पोरीच्या गालाला हात लावला. मी दुपटं दोनदा उकळत्या पाण्यात टाकलं, तरी वास गेला न्हाई. म्हंजी गेला आसंल, पण मला यायचा.

आता त्यातली गंमत आशी, का नव्या लेन्सनं कॅमेरा सोताच फोटू लख्ख करतो आन् टीक करून सांगतो. जुन्या लेन्सला ते न्हाई. हातानं रिंग फिरवायची आन् आपल्या डोळ्यानं ठरवायचं. मामंजींच्या कॅमेऱ्यात बघायच्या भोकात मधी एक गोल चकती व्हती, तिच्यात माणसाचं नाक तुटल्यालं दिसायचं. रिंग फिरवून नाक जुळलं का बटण दाबायचं. डिजिटलमधी ती चकतीच न्हाई. बघायचं भोक बारकं, त्यात समदंच बरं दिसतं, आन् नंतर मोठं करून बघावं तर समदं धुरकट.

पहिलंच लगीन कोरेगाव भीमाचं. नवरीचं तोंड धुक्यात आन् मागचा मांडवाचा बांबू लख्ख, त्याच्या गाठी मोजून घ्या. नवरीचा बाप अल्बम घेऊन दुकानात आला. म्हणला, "फोटूग्राफर, लगीन पोरीचं व्हतं का बांबूचं?" बाहेर चहावाला हसला, टायरवाला हसला. ह्यांचं तोंड येवढुसं झालं. नवरा म्हणून मला वाईट वाटलं, ते बी सांगते. नुसती किळसच न्हाई.

मग हे सरावाला लागलं. सराव कुणावर, तर माझ्यावर आन् पोरीवर. दारापशी उजेड चांगला, तिथं स्टूल मांडायचं. "हलू नको. श्वास धर. डोळ्याकडं बघ काचंच्या." लांब लेन्सचं आसं, का डोळा लख्ख आला तर कान धुरकट येतो, येवढीशी जागा तिची. हे म्हणायचं, डोळा साधला का काम झालं, कान गेला तर जाऊ द्या. रोल आसता तर दोन फोटूत हात आखडला आसता, पण डिजिटलला काय जातंय, नुसतं खटाखट. मागनं ट्रक गेला का जमीन हालायची, का परत पहिल्यापस्नं. माझी भाकरी तव्यावर जळायची. पोरीला बसवायचं तवा मी ह्यांच्या मागं उंबऱ्यात हुभी राहून टाळ्या वाजवायची, तिनं इकडं बघावं म्हणून. ती माझ्याकडं बघायची आन् वाटायचं काचंकडंच बघती. कॉम्प्युटरवर आमच्या डोळ्यांचं नुसतं ढीग. येवढं मोठं केलेलं, का पापण्यांचं केस मोजावं. मला ते बघवायचं न्हाई. मेंढराच्या मुंडीतलं डोळं बाजाराच्या दिवशी खाटकाच्या फळीवर बघितल्यासारखं वाटायचं.

सराव झाला तरी लग्नात जमंना, कारण लग्नात माणूस एका जागी राहत न्हाई. रिंग फिरवंपतोर नवरी वाकलेली, भट सरकलेला. मग कामं कुठली यायला लागली? मयताची. आमच्याकडं माणूस गेलं का उचलायच्या आधी एक फोटू काढायचा आसतो. आंघोळ घालून, नवं कापड लावून, बसवून, बुक्का लावून. कित्येक म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जन्मात तेवढाच फोटू. आन् ह्यांनीच मला सांगितलं, आगदी खुशीत, "मयताचं लई बरं आसतं बघ. हलत न्हाई. सावकाश रिंग फिरवायची, पापणीच्या केसावर धरायचं, आन् दाबायचं." मी पोरीला पाजत व्हते. मी तिचं तोंड काढून घेतलं आन् पाठ फिरवली.

मयताहून आल्यावर माणूस दारात थांबतो. अंगावरची कापडं भिजत टाकत्यात, डोक्यावरनं पाणी, मगच घरात. हे बी तसंच करायचं. पण कॅमेरा? तो सरळ आत. पोरीच्या दुधाची वाटी भिंतीतल्या ज्या देवळीत ठेवायची, तिच्याच वरच्या फळीवर. रिंगीच्या खाचंत बुक्का, कधी गुलाल, कधी कापराची काजळी. मी एकदा रडकुंडीला येऊन म्हणलं, "माणसाला आंघोळ हाय, लेन्सला काय हाय वो?"

आत्याबाईंनी ऐकलं. त्यांना बी पटलं. दुसऱ्या दिवशी हे बाहेर गेल्यावर त्यांनी तांब्यात गोमूत्र घेतलं आन् दोन्ही लेन्सांवर दर्भानं शिंपडलं. लांब लेन्सला टोपण व्हतं, ती वाचली. आखूड लेन्स उघडी, उताणी. तिच्या रिंगंतनं आत गेलं. वरनं त्यांनी ती ओलीच परत टोपण लावून ठेवली, का गुण टिकावा. पावसाळ्याचं दिवस. थोड्या दिवसांनी ह्यांनी उजेडाला धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, मधनं काठाला केस फुटल्यासारखी, आन् वास तर आसा आला का आत्याबाईच म्हणाल्या, "ह्या, काय मेलंय आत!"

"तू मारलंय आई त्यात," हे म्हणलं.

"मी शुद्ध केलं."

"शुद्ध झालं ना? मग आता घाल लोणचं."

आखूड गेली तसं घोळक्याचं फोटूच बंद. राहिली ती तोंडाची लांब लेन्स. म्हंजी मयतं. आता तेवढंच.

माझं माहेर भीमेपल्याड, दौंड तालुक्यात. दिवाळीच्या मागंपुढं हे मला मोटरसायकलवर माहेरी सोडायला निघालं, पोरगी मांडीवर, आन् वाटंत मांडवगण फराट्याला एक फ्रेम द्यायची व्हती, तिथल्या एका म्हातारीची. तिचा त्या दिवशी तेरावा. मला म्हणलं, तू बी चल आत, पाणी पी. बागायतदाराचं घर, वसरीला माणसं. कागद सोडून फ्रेम पाटावर ठेवली, हार घातला, आन् मी बघितलं.

म्हातारीचं तोंड सुरकुतलेलं, बोळकं. आन् डोळं माझं.

मी लगीच वळखलं. आपलं डोळं आरशात रोज बघतो आपण. डाव्या डोळ्याच्या कडंला काजळ जरा बाहेर ओढायची माझी सवय, ती रेघ सुद्धा तशीच. मेलेल्या माणसाच्या तोंडातनं मीच माझ्याकडं बघत व्हते. मी पोरीला छातीला दाबून धरलं.

तिचा थोरला ल्योक, त्यांना समदी आप्पा म्हणत व्हती, ते हात जोडून रडलं. "आय बघती बघा! जित्ती आसल्यावानी बघती!"

एक म्हातारी बाई जवळ गेली, डोळं बारीक करून बघितलं. "आप्पा, हिनं काजळ कवा घातलं रं? नवरा मेल्यापस्नं कुकू न्हाई का काजळ न्हाई."

मी पदर डोळ्यावर ओढला. मग कोपऱ्यातनं एकजण म्हणला, "मावशे, तिकडं तिचं मालक भेटलं आसत्याल. म्हणून घातलं आसंल."

पहिली ती मावशीच हसली, मग समदी हसली, आप्पा बी डोळं पुसत हसलं. आन् माझ्या नवऱ्यानं मान खाली घालून चहा घेतला. मला कप दिला तो मी तसाच तुळशीपशी ठेवून दिला.

माहेरच्या वेशीला उतरल्यावर मी विचारलं, "माझं डोळं का घातलं?"

"अगं, लोक म्हणत्यात डोळं उघडून द्या. पहिलं अण्णा ब्रशनं काढायचे." अण्णा म्हंजी मामंजी. "आता कॉम्प्युटरवर चिकटवायचं आसतं. दुसऱ्याचं घ्यावं तर कुणाचं लख्ख न्हाईत. त्या लेन्समधनं लख्ख तुझंच हाईत. तुझं आन् पोरीचं."

मामंजी ब्रशनं काढायचे ते डोळं कुणाचंच नसायचं. येवढं बी ह्या माणसाला कळू नये.

"पोरीचं कुणाला लावलं का?"

"न्हाई गं."

"लावणार न्हाई म्हणा. पांडुरंगाची शपथ घ्या. न्हाई, पोरीच्या डोक्यावर हात ठेवा."

ठेवला हात. रिंगीचं काळं ग्रीस नखात तसंच.

मी परत नांदायला गेले. झोपताना पोरीच्या डोळ्यावर फडकं टाकायला लागले. आत्याबाई म्हणायच्या, "पोर गुदमरंल, येडी झाली का?" काय सांगू त्यांना? मला वाटायचं, म्हातारीच्या घरी भिंतीवर माझं डोळं चोवीस तास उघडं हाईत, म्हणूनच मला झोप येत न्हाई. हसू येईल तुम्हाला. मला तवा हसू येत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढरं घेऊन फिरणारी माणसं आमच्या बाजूला येत्यात, शेतात मेंढरं बसवत्यात. भीमेच्या काठी आसाच एक तळ पडला व्हता. त्यांतलं एक तान्हं पोरगं तापानं गेलं. त्याचा आजा पहाटं ह्यांना बोलवायला आला, पुरायच्या आधी एक फोटू पाहिजे म्हणून. हे गेलं, आलं, दारात आंघोळ केली, आन् कॅमेरा आत, फळीवर. आजा जाताना सांगून गेला व्हता, "फोटूग्राफर, पोरगं बघतंय आसा करा. पोराच्या आयला धीर येईल."

हे मला तवा ह्यांनी सांगितलं न्हाई. आन् त्याच आठवड्यात माझ्या पोरीचं डोळं आलं. सकाळी उठली तर दोन्ही चिकटलेलं, पिवळा पू, पापण्या टम्म, उघडंचनात. ती हातानं चाचपायची आन् वरडायची. शिरूरच्या डॉक्टरनं थेंब दिलं, म्हणला साथ हाय, घाबरू नका. गावात समद्यांचीच आली व्हती खरी. पण मी घाबरले. कोमट पाण्याचा कापूस लावून पू काढायचा, तो बोटाला चिकटायचा, तारा निघायच्या. मला माझ्याच लेकराची शिसारी यायची, आन् शिसारी आली म्हणून रडायला यायचं.

तिच्या थेंबाची बाटली शोधत मी दुकानात गेले. काउंटरखाली कागदात बांधलेली फ्रेम. मला आधीच कळलं. तरी सुतळी सोडली.

तान्हं पोरगं, गालाला हळद, कपाळाला बुक्का. आन् डोळं उघडं, टपोरं, हसरं. माझ्या पोरीचं. मी फ्रेम दाराच्या उजेडाला नेली. लेन्स कसली लख्ख, आग लागो तिला. बुबुळाच्या काळ्यात आमचं दार दिसत व्हतं, पांढरं चौकोनी, आन् त्या दारात एक बाई हुभी, दोन्ही हात वर केलेली. टाळ्या वाजवणारी. मीच.

हे आतनं आलं. मी म्हणलं, "डोक्यावर हात ठेवला व्हता तुम्ही."

"आजा रडत व्हता गं. तान्ह्याला तुझं बसंनात."

माझं लावून बघितलं व्हतं, म्हंजी.

"हे द्यायचं न्हाई. मिटलेल्या डोळ्यांचा काढून द्या."

"आर्डर हाय. आत्ता येतील ती." आन् तेवढ्यात ती दारात हुभीच.

आजा म्हातारा, खांद्यावर घोंगडं. मागं पोराची आई, माझ्याच वयाची, बारीक. तिची चोळी पुढनं दुधानं भिजलेली, वाळून पांढरी झालेली. पोर न्हाई आन् दूध थांबत न्हाई. मी तिकडं बघितलं आन् मला आंबट वास आला, आन् माझीच लाज वाटली. फ्रेम माझ्या हातात व्हती. लपवायला जागा नव्हती. आज्यानं घेतली, बघितली, "वाऽ, वाऽ, राजा माझा," म्हणत सुनंच्या हातात दिली.

तिनं बराच येळ बघितलं. रडली न्हाई.

"मामा, ह्यो आपला न्हाई," ती म्हणली.

"आगं आसं काय करती? ते बघ की कपाळ."

"कपाळ हाय. डोळं न्हाईत. येवढ्या कळपात मी कोकरू तोंडावरनं काढते, पोर वळखायची न्हाई व्हय मी?" मग फ्रेम डोळ्याजवळ नेली. "आन् ह्या डोळ्यात कोण हुभंय? बाई हाय का ही?"

ह्यांनी तोंड उघडलं, "ताई, ते उजेडाचं आसतं..."

तेवढ्यात आतनं माझी पोरगी वरडली. आत्याबाई तिला काखंत घेऊन बाहेर आल्या, "आगं थेंब आण की, डोळं पाक चिकटलं पोरीचं." ती बाई पोरीकडं बघायला लागली. सुजलेलं, चिकटलेलं डोळं. मग फ्रेमकडं. मग माझ्याकडं, मी दारातच हुभी व्हते, त्याच जागी.

तिचं तोंड आसं झालं, का जेवताना घासात केस लागावा. तिनं फ्रेम काउंटरवर पालथी ठेवली आन् हात लुगड्याला पुसला. मला वाटलं, चला, एकीला तरी माझ्यासारखंच वाटतंय.

"मिटलेलंच द्या मला," ती ह्यांना म्हणली. "ते निजायचं तसंच दिसत व्हतं. मी बघितलंय." आन् पोरीकडं हात करून मला म्हणली, "हिचं हिला दे बाई."

ह्यांनी कॉम्प्युटर लावला, मिटलेल्या डोळ्यांचा छापला. पापणीचा केसन् केस लख्ख. तिनं तो पदराखाली घेतला, छातीशी, जिथं ओलं व्हतं तिथं, आन् ती दोघं रस्ता ओलांडून गेली. दोन ट्रकच्या मधनं. आज्यानं तिचा दंड धरला व्हता.

ह्यांनी आमच्या डोळ्यांचा ढीग कॉम्प्युटरमधनं काढून टाकताना मी मागं हुभी व्हते. "समदं?" म्हणलं. मी म्हणलं समदं. "एखादा ठेव की पोरीचा, घरात लावायला." मी म्हणलं न्हाई. पालथी फ्रेम मी चुलीत घातली, काच काढून. तो कागद जळताना डांबरासारखा वास आला, मी दार लावून घेतलं. आत्याबाईंनी त्या दिवशी न विचारता मला डोक्यावरनं पाणी घातलं.

पोरीचं डोळं आठवड्यात बरं झालं. साथीतल्या समद्यांचंच झालं.

लेन्स अजून हाय. ह्यांनी नंतर टीक करणारी नवी घेतली, जुनी परत पेटीत गेली, पेटी माळ्यावर. पोरगी आता शाळंत जाती. परवा तिनं विचारलं, "आई, माझा बारकी आसतानाचा फोटू का न्हाई? आपलं तर फोटूचंच दुकान हाय की." हे माझ्याकडं बघायला लागलं. मी म्हणलं, "तू लई हलायचीस."

मांडवगणची म्हातारी मातुर भिंतीवर हाय. ते डोळं मागायला मी कुठल्या तोंडानं जाऊ? माहेरी जाताना एसटी त्यांच्या वस्तीवरनं जाती. मी पदर डोळ्यावर ओढते. शेजारची बाई विचारती, "ऊन लागतं का?" मी म्हणते, व्हय, लागतं.